अर्ध्या गोळीस खुलं पत्र

लालबाग, मुंबई
मंगळवारची रात्र

पॅरासिटामॉलच्या अर्ध्या गोळीस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुला तो लिहीत नाही.

पत्रास कारण की, गेल्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास तू बांगड्याच्या तुकड्यात लपून मिरचीच्या पोटात गेलीस, आणि तेव्हापासून मिरची एकेका श्वासासाठी झगडते आहे. तुझा दुसरा अर्धा भाग माझ्यासमोर टेबलावर पडला आहे, फाटक्या चंदेरी पाकिटात. त्याच्याकडे बघत हे लिहिते आहे.

दोन शब्द एकांतातही सुनावता आले असते. पण आरोपीच्या पिंजऱ्यात या घडीला भलतंच माणूस उभं आहे. मिरचीची आजी, म्हणजे आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचीच आजी, तिथे स्वतःहून जाऊन उभ्या राहिल्या आहेत. तीन दिवस त्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे: "मियाच मारलंय गो तिका, माझ्या हातान." मिरची अजून जिवंत आहे, हे सांगितलं तरी त्यांना ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत. त्यांना त्या पिंजऱ्यातून खाली उतरवायचं आहे आणि तिथे तुला उभं करायचं आहे.

आधी मिरची कोण ते ऐक. पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आजी नेहमीप्रमाणे वर्षाचा मसाला करायला मसाला गल्लीत गेल्या होत्या. कांडपाच्या डंकांचा ठोका चालू, हवेत तिखट उडालेलं, येणारं-जाणारं शिंकत होतं. मिरच्यांच्या पोत्यांमागे मांजराचं एक मुठीएवढं पिल्लूही शिंकत होतं, चिपडांनी डोळे मिटलेलं. आजी घरी आल्या तेव्हा एका पिशवीत मसाला होता आणि दुसरीत पिल्लू. नाव ठेवायला वेळ लागला नाही.

आजोबा गिरणीत होते. 1982च्या संपानंतर गिरणी पुन्हा धड सुरू झाली नाही आणि आजोबाही पुन्हा धड उभे राहिले नाहीत. ते गेले, मुलगा लांब विरारला राहायला गेला, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आजी उरल्या. मग मिरची आली. संध्याकाळी म्हावरेवाली जिना चढायच्या आधी मिरची कठड्यावर हजर असते. गणपतीचे दहा दिवस रस्त्यावर लालबागच्या राजाच्या दर्शनाची रांग आणि ढोलांचा दणका असतो, तेव्हा ती माळ्यावरच्या गोधडीत शिरते आणि विसर्जन झाल्यावरच पूर्ण बाहेर येते. आजी रात्री तिच्याशी गावच्या गोष्टी बोलतात. भिंत पातळ आहे, मला ऐकू येतं. त्या बोलण्याला उत्तर देणारं त्या घरात दुसरं कोणी नाही. एवढं सगळं तू एका रात्रीत पणाला लावलंस.

शुक्रवारी समोरच्या चाळीतल्या बोक्याशी मिरचीची मारामारी झाली. शनिवारी तिचा पुढचा पंजा सुजला, जेवणाला तोंड लावेना. आजींनी कानाला हात लावून पाहिला. गरम. चाळीस वर्षं ज्या हाताने मुलाचा, नातवंडांचा, नवऱ्याचा ताप ओळखला, तो हात खोटं कसं बोलेल? पण मांजराचं अंग मुळात माणसापेक्षा उष्ण असतं. माणसाचं 98.6 फॅरनहाइट, तर धडधाकट मांजराचं 100.5 ते 102.5. आजींच्या तळव्याला निरोगी मिरचीही तापलेलीच वाटणार. त्या रात्री तिला खरोखरच ताप असेलही, पण तो मोजायला थर्मामीटर लागतो आणि उतरवायला मांजराचा डॉक्टर.

आजींनी बिस्किटाचा डबा उघडला. आमच्या चाळीत प्रत्येक घरात असा डबा आहे. त्यात बाम, चिकटपट्टी, आयोडेक्सची संपत आलेली बाटली, आणि तू. तुझ्याबद्दलचा नियमही प्रत्येक घरात एकच: मोठ्याला अख्खी, पोराला अर्धी. मिरची त्यांचं पोर. म्हणून अर्धी.

आता हा अर्ध्याचा हिशेब मांडते. तू 500 मिलिग्रॅमची. अर्धी म्हणजे 250. मिरचीचं वजन 3 किलो 200 ग्रॅम. म्हणजे किलोमागे 78 मिलिग्रॅम. आजींचं वजन साधारण 50 किलो. डोकं दुखलं की त्या तुझ्यासारखी एक अख्खी घेतात, म्हणजे किलोमागे 10. मिरचीला जेवढं झेपवायला लागलं तेवढंच आजींना झेपवायला लागलं असतं, तर त्यांना एका बैठकीत जवळजवळ आठ गोळ्या गिळाव्या लागल्या असत्या. आणि ही तुलनाही तुझ्याच फायद्याची आहे. आजींच्या यकृताकडे तुला बाहेर काढायची सोय आहे. मिरचीच्या यकृताकडे ती जवळपास नाहीच.

हिंदमाताच्या चौकात पाणी का तुंबतं ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. पाऊस दादरलाही तेवढाच पडतो आणि मलबार हिललाही. तुंबतं ते खोलगट भागात, जिथून पाण्याला बाहेर पडायला पुरेशी वाट नसते. माणसाच्या शरीरात तुला बाहेर जायला दोन मोठ्या मोऱ्या आहेत. यकृत तुझ्या रेणूला ग्लुकुरोनिक आम्लाची नाहीतर सल्फेटची जोड देतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. थोडासा भाग तिसऱ्याच वाटेने जाऊन विषारी बनतो, पण तो निपटायला ग्लुटाथायोन नावाचा राखणदार हजर असतो. मांजरात पहिली, सगळ्यात रुंद मोरीच बुजलेली आहे. ते काम करणाऱ्या विकरांपैकी महत्त्वाच्या एकाचं जनुक मांजरकुळात मोडलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या. दुसरी मोरी अरुंद, ती लगेच भरते. मग सगळा लोंढा तिसऱ्या वाटेला वळतो, ग्लुटाथायोन संपतं, आणि विष थेट रक्तात पसरतं.

हे जनुक नुसतं मिरचीचं मोडलेलं नाही. सिंहाचं मोडलेलं आहे, बिबट्याचंही. मांजर ही वाघाची मावशी असं आपण म्हणतो, तर भाचाही तसाच. राणीच्या बागेतला वाघ कितीही डरकाळी फोडो, तुझ्यापुढे तोही मिरचीइतकाच उघडा. हे संपूर्ण मांसाहारी कुळ. झाडपाल्यातली विषं पचवायची वेळ यांच्यावर फारशी आली नाही, आणि ती पचवायची यंत्रणा काळाच्या ओघात मोडून गेली. हा मिरचीचा अशक्तपणा नव्हे, तिच्या जातीची घडण आहे. त्या घडणीत तुला जागाच नाही.

रात्री साडेतीनला आजींनी माझं दार वाजवलं. मिरची तोंड उघडून धापा टाकत होती. मांजर सहसा अशी धाप टाकत नाही, ती कुत्र्याची सवय. तिचा चेहरा सुजून कोणीतरी मुखवटा चढवल्यासारखा झाला होता. चारही पंजे फुगलेले. ओठ उचलून पाहिला, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या चहाच्या चोथ्याच्या रंगाच्या. आजींनी तिला नऊवारीच्या पदरात गुंडाळलं आणि आम्ही टॅक्सी थांबवली. खूण सांगितली 'बैलघोड्या'ची, आमचे डॉक्टर त्याच भागात बसतात. दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी 1880च्या दशकात पत्नी साकरबाईंच्या नावाने परळला जनावरांचं इस्पितळ उभं केलं, त्याला गिरणगाव अजून 'बैलघोडा'च म्हणतो. गाडीचे बैल आणि टांग्याचे घोडे यांच्यासाठी ज्या शहराने तेव्हा इस्पितळ बांधलं, त्या शहरात मांजरासाठी पहाटे धावणाऱ्या बाईला कोणी वेडी म्हणू नये.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला. तो तपकिरी होता. हवा लागल्यावर तो लाल व्हायला हवा, झाला नाही. तुझ्यापासून बनलेल्या विषाने तिच्या हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन केलं होतं. ते रक्तात फिरतं, पण प्राणवायू उचलत नाही. चर्चगेटला जाणाऱ्या गाडीचे सगळे डबे रुळांवर धावत राहावेत आणि एकाचंही दार उघडू नये, तसं. मांजराच्या हिमोग्लोबिनवर तुझा घाव बसेल अशा नाजूक जागा इतर बहुतेक प्राण्यांपेक्षा जास्त असतात, हेही तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही औषध दिलंत?"

मी ठामपणे म्हटलं, "नाही."

पाठीमागून आजी म्हणाल्या, "दिलंय. तापाची अर्धी गोळी. मियाच दिलंय." आणि कमरेच्या पिशवीतून तुझं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

त्या क्षणापासून उपचाराला दिशा मिळाली. तुझ्यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन. तो संपलेल्या ग्लुटाथायोनची पुन्हा भरती करतो. माणसांनी तुला जास्त घेतलं तरी हाच उतारा देतात, आणि कफ पातळ करायलाही तो वापरतात. मिरचीला पहिली मात्रा किलोमागे 140 मिलिग्रॅमची दिली, मग दर 6 तासांनी 70. सोबत प्राणवायू, सलाइन, क जीवनसत्त्व. हे सगळं जितक्या लवकर तितकं मोलाचं. मी 'नाही' म्हणाले होते. माझ्या उत्तरावर डॉक्टर विसंबले असते, तर ते निदान शोधत बसले असते आणि तू तुझं काम उरकलं असतंस. मिरचीला आज जी काही संधी आहे ती आजींच्या त्या एका वाक्यामुळे आहे. तुझ्याविरुद्धची पहिली साक्ष त्यांनी दिली, स्वतःची मान पुढे करून. अशा साक्षीदाराला आरोपी कोण म्हणेल?

तुझी बाजूही मी मांडते. 1893 साली योसेफ फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरांनी तुला रुग्णांना दिल्याची नोंद केली, विसाव्या शतकाच्या मध्यापासून तू घरोघरी पोचलीस. 2020 आणि 2021च्या साथीत या चाळीतल्या कितीतरी अंगांचा ताप तू उतरवलास. त्यात आजीही होत्या. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे तो अनुभवाने कमावलेला. म्हणूनच तुझा घाव इतका खोल गेला. उंदराच्या विषाला माणूस हात लावतानाच घाबरतं. तुला कोणी घाबरत नाही. माझ्या हातातल्या पाकिटावर यकृताबद्दलची सूचना आहे, मुलांपासून दूर ठेवा असंही आहे. मांजराबद्दल एक अक्षर नाही. ज्या घरात तू राहतेस त्याच घरात मांजर राहतं, हे छापणाऱ्या कोणाच्या मनातच आलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे मलाही ठाऊक नव्हतं. गेली तीन वर्षं मी आठवीच्या वर्गाला हाफकिन यांची गोष्ट सांगते. 1896 साली मांडवीत प्लेग शिरला, हाफकिन यांनी लस बनवली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे 1899 साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली, तीच आजची हाफकिन संस्था. मुलांना मी त्यातलं धैर्य सांगत आले. त्यातला दुसरा धडा मला आत्ता दिसला. हाफकिन यांनी स्वतःवर जे तपासलं ते माणसासाठी होतं. ज्या शरीरावर औषध तपासलं त्या शरीरापुरतीच त्याची ग्वाही. आजींचा देह तुझी ग्वाही देतो, मिरचीच्या देहाला कोणी विचारलंच नव्हतं. पुढच्या वर्षीपासून हे वाक्य माझ्या त्या तासाला असेल.

रविवारी बातमी चाळभर झाली. दोघा-तिघांनी आजींना समजावलं, "मांजरच ना? दुसरी मिळेल." त्यांना आजींचं रडणं थांबवायचं होतं, मला ठाऊक आहे. पण त्या वाक्याने आजी आणखी आक्रसून गेल्या. दुसरी मिळेल हे आजोबांच्या वेळी कोणी म्हटलं नव्हतं. ज्याच्याशी रोज रात्री बोलायचं ते दुसरं मिळत नाही. आणि 'मांजरच' म्हणण्याआधी आपल्याच राज्याचा इतिहास आठवावा. त्याच प्लेगच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन ब्युकॅनन यांनी 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की जिथे मांजरं भरपूर तिथे उंदीर कमी, आणि प्लेगही कमी. ज्या गावांनी मांजरं पाळली त्यांचे जीव त्या मांजरांनी राखले, असं त्यांचं म्हणणं. आपण या जातीचे देणेकरी आहोत.

खरं सांत्वन सोमवारी आलं. मिरचीच्या लाल पेशी फुटत चालल्या होत्या, रक्त चढवणं भाग होतं. मांजरांचे रक्तगट असतात: ए, बी आणि क्वचित एबी. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त चुकून दिलं तर ते काही मिनिटांत दगावू शकतं. म्हणून आधी तपासणी, मग दाता. निरोप फिरला आणि दुपारी गिरगावातून एक बाई टोपलीत आपला बोका घेऊन आल्या. साडेपाच किलोचा, लसी टोचलेला, घराबाहेर न पडणारा. गट जुळला. त्याच्या मानेतून साधारण 50 मिलिलिटर रक्त काढलं, तेवढा वेळ त्या त्याच्या कपाळावर बोट फिरवत उभ्या होत्या. आजींना त्या 'धीर धरा' असंही म्हणाल्या नाहीत. जाताना त्यांनी आजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, मग टोपली उचलली आणि बस पकडायला गेल्या. आजी त्या दिवशी पहिल्यांदा चहा प्यायल्या.

त्याच संध्याकाळी आजींनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि हातातली एक बांगडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. म्हणाल्या, "सोनाराक इचार, ह्येचा मांजर करून देतलो काय." मला उमगायला क्षण लागला. मांजर मारल्याचं पाप फेडायला सोन्याचं मांजर करून काशीला वाहावं लागतं, ही आपल्याकडची जुनी समजूत. आजोबांनी गिरणीच्या बोनसातून केलेली ती बांगडी आजारपणातही हातातून उतरली नव्हती. मिरचीचा श्वास चालू असताना आजी तिच्या प्रायश्चित्ताचं सोनं मोजत होत्या.

गोळे, हा तुझा खरा गुन्हा. मिरचीच्या रक्ताचा रंग तू पालटलास, त्यावर निदान उतारा आहे. पण ज्या हाताने पाच वर्षं बांगड्याचे काटे काढून भरवलं, तोच हात तू एका बाईला परका करून टाकलास. ती आता स्वतःच्या तळव्याकडे बघते आणि तो पदराखाली झाकते.

आजी, हे पत्र मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तेव्हा इथून पुढचं तुमच्यासाठी. जुन्या लोकांनी मांजराच्या जिवाची किंमत सोन्यात ठरवली, ती जीव स्वस्तात कोणी घेऊ नये म्हणून. जीव वाचवायला धडपडणाऱ्यासाठी तो दंड नाही. तुम्ही दिलंत ते औषध म्हणून दिलंत. ते विष होतं हे तुम्हाला सांगणारं कोणी नव्हतं, शेजारी राहणारी विज्ञानाची बाईसुद्धा नाही. बांगडी माझ्या कपाटात आहे. मिरची घरी आली की ती तुमच्या हातात परत घालीन. आणि आजी, मिरची नाही आली, तरीही परत घालीन. सोन्याचं मांजर काशीला जाणार नाही.

प्रायश्चित्त करायचंच असेल तर ते आपण दोघी मिळून करू. उद्यापासून या चाळीच्या प्रत्येक मजल्यावरचा बिस्किटाचा डबा आपण उघडून बघू, आणि ज्या घरात मांजर येतं-जातं तिथे सांगू: माणसाची तापाची, अंगदुखीची कुठलीही गोळी मांजराला नाही, पाव नाही, चिमूटभरही नाही. या गोळीची भावंडंही सांगू. माणसाच्या सांधेदुखीची आयबुप्रोफेन. कुत्र्याच्या गोचिडांवर टाकायचं पर्मेथ्रिन. सार्वजनिक गॅलरी पुसायचं काळं फिनेल, जे मांजर पंजाला लागलेलं चाटून पोटात घेतं. आणि दादरच्या फुलबाजारातून येणाऱ्या गुच्छातली ती मोठ्या पाकळ्यांची लिली, जिचे परागकण, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीही, मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं.

आणि चुकून काही पोटात गेलंच, तर दूध पाजत बसायचं नाही, मिठाचं पाणी घालून ओकारी काढायची नाही, उजाडायची वाट बघायची नाही. पाकीट हातात घ्यायचं, वेळ लक्षात ठेवायची, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आत खरं सांगायचं. तुम्ही सांगितलंत तसं.

पुन्हा तुझ्याकडे वळते, अर्ध्या गोळे. तुला आमच्या घरातून हाकलणार नाही. माणसांना तू लागतेस, आजींनाही लागशील. पण तुझी जागा बदलली आहे. आमच्या डब्याच्या झाकणावर आज मी पांढरा कागद चिकटवला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "यातलं काहीही मांजराला देऊ नये." पाकिटावर जी ओळ राहून गेली, ती आम्ही हाताने लिहिली.

रात्री आठला डॉक्टरांचा फोन आला. हिरड्यांचा रंग किंचित निवळला आहे. डोळ्यांत आणि कानांच्या आतल्या बाजूला कावीळ दिसते आहे, यकृताचं काय होतं ते दोन दिवसांत कळेल. चमचाभर माशाचं पाणी तिने चाटलं. याहून जास्त डॉक्टर बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

फोननंतर आजी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेल्या. काका कणकवलीकडचे, चाळीच्या गणपतीला गाऱ्हाणं तेच घालतात. "माझ्या मिरचीसाठी गाऱ्हाणा घालशात?" आजींनी विचारलं. काका घुटमळले. देवापुढे माणसाचं गाऱ्हाणं घालतात, नोकरीचं, लग्नाचं, कोर्टाचं. मग त्यांना त्यांच्या वडिलांची आठवण झाली. गावी म्हैस अडली होती तेव्हा वडील मध्यरात्री नारळ घेऊन देवळात गेले होते. काकांनी टोपी घातली, नारळ घेतला आणि गॅलरीच्या टोकाला असलेल्या देवाच्या तसबिरीपुढे उभे राहिले. दारं उघडली. माणसं बाहेर आली. रविवारी 'दुसरी मिळेल' म्हणालेलेही आले. तळमजल्यावरची ख्रिस्ती मावशी आली, तिने उद्याच्या बुधवारी माहीमच्या नोव्हेनाला मेणबत्ती लावायचं कबूल केलं होतंच.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "आज तुझी ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे एक झालीत. ह्या घरातला एक मुका जनावर तिकडे एकटा पडलासा. ता बोलाचा नाय, म्हणान आमी बोलतोव. तेच्या अंगातला विष उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी गॅलरी म्हणाली.

"आणि जिच्या हातान ह्या घडला, तिच्या मनात काय खोटा नव्हता, ता तू जाणतस. तिच्या हाताक दोष लावू नको रे म्हाराजा!"

हे वाक्य कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. आजींनी इतका वेळ पदराखाली ठेवलेले दोन्ही हात बाहेर काढले आणि जोडले.

"व्हय म्हाराजा!"

यात माझाही आवाज होता, ही नोंद तुझ्यासाठी.

मिरचीची शेजारीण